दुसऱ्याच्या लेकाची गाडी

जवळ ये गं बाई, अशी समोर बस. तू पुण्यात आहेस हे मला ठाऊक आहे, पण लिहिताना मी तुला समोर बसवून घेते, नाहीतर माझा हात चालत नाही. आणि आधी जरा रागावून घेते. तुझ्या मामेबहिणीचं लेकरू तू फोनमध्ये पाहिलंस, गोड आहे म्हणालीस, आणि लगेच काय बोललीस? "आजी, असं कसं घाटात गाडी थांबवली त्या ड्रायव्हरनं? पळवायची ना सरळ." असं बोलू नये गं. आपण तिथे नव्हतो, त्या माणसाच्या जिवात त्या वेळी काय चाललं होतं ते आपल्याला माहीत नाही, मग तोंड उघडायची घाई कशाला करायची? मी तिथे होते. त्याच्या बाजूच्या सीटवर होते. म्हणून सांगते, नीट ऐक.

आणि एक. मी शाळेत गेलेली नाही. तुझा मामा लहानपणी ओट्यावर बसून मोठमोठ्याने पुस्तक वाचायचा, मी भाकरी थापता थापता त्याच्या बोटाकडे बघायचे, तशी मला अक्षरं आली. त्यामुळे लिहायला बसले की मी जरा पुस्तकासारखी होते. पण माणसं जशी बोलली तशीच ठेवते. तुझ्या मैत्रिणी हसल्या तर हसू दे.

आपल्या घरासमोर सरकारी दवाखाना, आणि त्याच्या भिंतीला लागून ती अँब्युलन्स उभी राहते, हे तू पाहिलंच आहेस. तिच्यावर दोघं जण असतात. एक डॉक्टरीण, चिखलीकडची पोरगी, बारीक चणीची, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. तिला सगळे मॅडम म्हणतात, मी पोरी म्हणते. दुसरा गाडी चालवणारा. त्याला ड्रायव्हर म्हणायचं नाही, पायलट म्हणायचं, अशी त्यांच्यात पद्धत आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला विचारलं, "काऊन रे बाबू, इमान कुठी लावलं तुनं?" तो गाडीची काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "आजी, पंख धुवायले टाकले हायेत." तेव्हापासून आमचं जमलं.

तो नांदुऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आईबापाला एकुलता एक. इथे खोली करून राहतो, सुट्टीला गावी जातो. सकाळी ड्युटीवर आला की आधी गाडीच्या पोटात शिरतो. ऑक्सिजनचं नळकांडं बघायचं, स्ट्रेचर पुढे-मागे ओढून चाकं तपासायची, भोंगा एकदा हलकेच वाजवून बघायचा. आणि गाडी लावताना कधीही, अगदी कधीही, तोंड रस्त्याकडे. मॅडम त्याला चिडवते, "पोरगी पाहायले जाशीन तं तिथंही तोंड रस्त्याकडं करून बसशीन." तो म्हणतो, "मंग? नाही पसंत पडली तं पळता आलं पाहिजे न."

पाणी प्यायला, फोन चार्ज करायला, डबा खायला दोघं आपल्या ओट्यावर येतात. जेवणाचं सांगायचं तर त्यांचं जेवण कधी पुरं होत नाही. घास तोंडात आणि केस येते. केस म्हणतात ते, म्हणजे त्यांच्या वरच्या सेंटरवरून फोन येतो, अमुक गावाला जा, अमुक माणसाला घ्या. मग ती पोरगी पोळीची सुरळी हातात घेऊनच पळते. मी काही विचारत नाही, कुठं चालले, कोणाला काय झालं. मी फक्त डब्यांवर ताटं पालथी घालते, माशा बसू नयेत म्हणून.

सेंटरवरून सांगितल्याशिवाय ती गाडी हलत नाही, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. समोर उभी आहे, आपल्याला दुखतंय, मग चल म्हणलं की चालावं, असं मला वाटायचं. त्यानेच एकदा समजावून सांगितलं. अँब्युलन्सचा जो सरकारी नंबर आहे त्याला फोन लावायचा, मग सेंटरवाले बघतात की सगळ्यात जवळ कोणती गाडी मोकळी आहे, तिला पाठवतात. गाडी दाराशी उभी असली तरी तिला दुसरीकडे जावं लागलेलं असू शकतं. "आजी, गाडी माही नाही न तुमची नाही," तो म्हणाला, "ज्याचा फोन आधी, त्याची गाडी." हे तो सगळ्यांना सांगत फिरायचा. स्वतःच्या घरी तर त्याने कितीदा सांगितलं असेल. पण घरचं माणूस आपलं ऐकतं का? तूच माझं ऐकत नाहीस.

तर त्या दिवशीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती. तुझी मामेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारची भांडी घासून होतात न होतात तोच तिला कळा सुरू झाल्या. समोरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने तपासलं आणि सांगितलं की सगळं ठीक आहे, पण हिच्या अंगात रक्त कमी आहे, बुलढाण्याला गेलेलं बरं, लागलंच तर तिथे रक्त मिळेल. फोन लावला, आणि आली ती आपलीच समोरची गाडी. समोर म्हणजे किती, भिंतीला वळसा.

मागे स्ट्रेचरवर तुझी बहीण, तिच्या उशाला तुझी मामी, आणि मॅडम. मला मागे बसलं की मळमळतं, म्हणून पायलटने मला पुढे आपल्या बाजूला बसवलं. तो पट्टा माझ्या अंगावरून ओढून खट्‌कन लावला. मी म्हणाले, "गायीले दावं लावल्यावानी काऊन बांधून राह्यला?" "घाटात आजी उडून गेली तं मी मामाले काय सांगू," तो म्हणाला. तोवर सगळं हसण्यावारी होतं.

मोताळा मागे पडलं आणि त्याचा फोन वाजला. ड्युटीचा फोन वेगळा असतो, हा त्याचा घरचा. समोरच्या खाचेत ठेवलेला होता. त्याने बघितलं आणि तसाच वाजू दिला. गाडी चालवताना तो घरचा फोन उचलत नाही, हा त्याचा नेम. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. परत बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "आजी, आई अशी घडीघडी लावत नाही," तो म्हणाला. "उचला बरं जरा. ते हिरवं दाबा, मंग ते स्पीकरचं चित्र." त्याने कोपरानेच दाखवलं, हात काही स्टिअरिंगवरून काढला नाही.

मी हिरवं दाबलं. तिकडून म्हातारीचा आवाज आला, धापा टाकत बोलावं तसा.

"बाबू, कुठपर्यंत आला?"

"मी बाबू नाही वो," मी म्हणाले. "बाबू गाडी चालवून राह्यला. मी त्याच्या बाजूले बसली हावो. धामणगावची म्हातारी."

"तुमी कोन्ही असा. त्याले सांगा, तुह्या बाबाच्या छातीत दुखून राह्यलं. वावरातून आले न खाटेवर पडले ते पडलेच. घामानं पार भिजले. म्हना गाडी घेऊन लवकर ये."

पायलटने ऐकलं. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने गाडी कमी केली नाही, जास्तही केली नाही. फक्त मान फोनकडे वळवून ओरडला, "आई, मी बुलढाण्याले चाललो, गाडीत पेशंट हाये. तो नंबर लाव. नांदुऱ्याची गाडी दहा मिंटात येते. बाबाले चालू देऊ नको, भिंतीले टेकून बसव."

"नंबर कायले लावू? घरची गाडी असतानी दुसऱ्याची बोलावू? गाव काय म्हनीन? तू ये."

"आई, ऐक माह्यं—"

"तुह्या बाबानंच सांगतलं, बाबूले बोलाव म्हने. ते दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. तू ये, आमी वाट पाहून राह्यलो."

आणि फोन ठेवला.

आता तुला समजलं का काय झालं ते? त्या माणसाने इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन माणसं उचलली. आणि त्याच्या आईला वाटत होतं की आपल्या लेकाची गाडी म्हणजे आपल्या गोठ्यातली बैलबंडी, हाक मारली की जुंपून आली. गावात ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची, आम्हाला काही झालं तर माझा पोरगाच न्यायला येईल. त्या अभिमानापायी म्हातारा खाटेवर घामाने भिजत पडला होता, नांदुऱ्याची मोकळी गाडी जवळच उभी होती, आणि तिला कोणी बोलावत नव्हतं. लेक तर उलट्या दिशेला चालला होता, मागे माझी नात घेऊन.

त्याने स्वतःच सेंटरला सांगावं म्हणून मी म्हणाले, तर तो म्हणाला, "ड्युटीचा फोन मांगं मॅडमपाशी हाये. ती मोकळी झाली की सांगतो. आता मागं ती पोरगी..." त्याचं बोलणं संपलं नाही, कारण मागच्या काचेवर टकटक झाली. घाट नुकताच लागला होता. मॅडमचा आवाज आला, "थांबव. सपाट जागा बघ न थांबव. बाळ येते आता."

थांबवली म्हणतेस ना तू? हो, थांबवली. वळणावरून जरा पुढे, जिथे डोंगराच्या कडेला रुंद जागा आहे तिथे. पळवली असती तर काय झालं असतं ते मला नंतर मॅडमने सांगितलं. गाडी वळणावळणाने हेलकावत असताना बाळाचं डोकं बाहेर येत असेल, तर कोणाचा हात कुठे जाईल, सांगता येत नाही. पण त्या वेळी मला हे काहीच माहीत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की ज्याचा बाप तिकडे पडला आहे, त्याने ब्रेक लावला, खाली उतरला, चाकामागे दगड लावला, आणि मागचं दार उघडलं.

मागचं दार उघडायलाच लागतं. बाईचे पाय दाराकडे असतात, म्हणून डॉक्टरला बाहेर रस्त्यावर उभं राहून बाळ घ्यावं लागतं. मॅडमने हातमोजे घातले आणि पायलटने गाडीतली चादर काढून तिच्या मागे दोन्ही हातांनी ताणून धरली. पाठ तिच्याकडे, तोंड दरीकडे. एक ट्रक हळू झाला, दोन मोटारसायकलवाले थांबून माना उंच करायला लागले. "जा बे पुढं," तो त्यांच्यावर खेकसला, "तुह्या घरी माय-बहीण नाही काय?" ते गेले.

मी पट्टा कसाबसा सोडवून खाली उतरले होते. हातात त्याचा फोन. आणि तो परत वाजला.

त्याचे दोन्ही हात चादरीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. गं बाई, मी माझा बाप गेलेला पाहिला, तुझा आजोबा गेलेला पाहिला, पण असं तोंड मी पाहिलं नव्हतं. लेकरू जत्रेत हरवल्यावर करतं तसं.

मी फोन उचलला.

"बाबू, निघाला का?"

"नाही निघाला," मी म्हणाले. "निघणारही नाही. माय, माह्यं ऐका. तुमी माह्या वयाच्या असान."

"तुमीच का मघाच्या? त्याले द्या."

"त्याचे हात मोकळे नाहीत. माही नात बाळंत होऊन राह्यली रस्त्यावर, न तुमचा पोरगा चादर धरून उभा हाये, लोकाईनं पाहू नये म्हनून. तो चादर सोडन का? तुमी सांगा, सोडू का म्हनू त्याले?"

तिकडे मागे कोणीतरी कण्हत होतं, ते ऐकू येत होतं.

"कशे हायेत आता?" मी विचारलं.

"डावा हात दुखते म्हन्तात. ओठ पांढरे झाले." आता तिचा आवाज बारीक झाला. "पन ते म्हन्तात बाबू येऊ दे."

"माय, मले सांगा, मी घरून निघाली तं माह्या लेकाची गाडी पाहिजे म्हनून बसली का? माह्या लेकापाशी गाडीच नाही, त्याच्यापाशी दोन बैल हायेत. मी तुमच्या लेकाच्या भरवशावर पोरगी टाकली. त्याले मी जन्म दिला नाही, तरी तो पाहा कसा उभा हाये. नांदुऱ्याच्या गाडीवर जो असन तोही कोनाचा तं लेक हाये न? त्याच्या मायनंही त्याले असंच धाडलं असन सकाळी डबा देऊन. टाका की त्याच्या भरवशावर."

मला वाटलं ठेवला फोन. मग ती म्हणाली, "गाव म्हनीन, इचा पोरगा आलाच नाही."

"गाव म्हनीन. दोन दिवस म्हनीन, मंग दुसरं काही भेटन त्याईले. घरात अजून कोन हाये तुमच्यापाशी?"

"शेजारची सून उभी हाये."

"द्या तिले फोन."

त्या पोरीने फोन घेतला. हुशार होती. म्हणाली, "आजी, मी कव्हाची म्हनून राह्यली लावतो म्हनून, काकू हात धरते माहा."

"आता नाही धरनार. तुह्या फोनवरून लाव. गावाचं नाव, मारुतीचं मंदिर, शाळा, जे जवळ असन ते सांग. न त्याईले चालू देऊ नको, टेकून बसव, कपडे सैल कर." पायलट मघाशी जे ओरडला होता तेच मी तिला सांगितलं, माझं स्वतःचं त्यात काही नव्हतं. ती म्हणाली, "हाव, लावतो—" आणि घाटातली रेंज गेली.

मी फोन हलवला, वर धरला, कानाला लावला. काही नाही. पायलट दरीकडे तोंड करूनच म्हणाला, "लावला का?"

"लावते म्हनली," मी सांगितलं. खोटं कसं सांगू? लावला की नाही ते मला कळलंच नव्हतं. त्याने मान हलवली आणि चादर जरा वर घेतली, कारण वाऱ्याने ती खाली येत होती.

मग तुझी बहीण ओरडली, मॅडम तिच्यावर ओरडली, तुझी मामी देवाचं नाव घेत होती, आणि मग एकदम सगळं थांबून बारीक, मांजराच्या पिल्लाने रडावं तसा आवाज आला. नंतर चांगला मोठा आला. मॅडम म्हणाली, "पोरगी हाये, आन आवाज माह्यावर गेला." पायलट हसला. हसला म्हणजे त्याचे खांदे हलले तेवढे मला दिसले. चादर मात्र त्याने सोडली नाही. रक्त कमी असलेल्या बाईला बाळ झाल्यावरच जास्त धोका असतो म्हणे, म्हणून मॅडमने इंजेक्शन दिलं, पोट दाबत राहिली, वार पडेपर्यंत तिथेच उभी होती. बाळ तुझ्या बहिणीच्या छातीवर ठेवलं, वरून कापड, डोक्याला टोपी. सगळं झाल्यावर मॅडमने "चल" म्हणलं तेव्हा त्याने चादर खाली घेतली. त्याचे हात ताठले होते, घडीसुद्धा नीट घालता येईना.

मग घाट चढलो. वर बुलढाण्यात रेंज आली, तरी त्याने फोनला हात लावला नाही. दवाखान्याच्या दारात गाडी लावली, तिथेही तोंड रस्त्याकडे. स्ट्रेचर उतरवलं, आत नेलं, बाळ-बाळंतीण सिस्टरच्या हाती दिली. मग बाहेर पायरीवर येऊन त्याने घरी फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना. परत लावला. शेजारच्या सुनेचा नंबर त्याच्याकडे नव्हता. तो पायरीवर बसला आणि फोन गुडघ्यावर ठेवून त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

मी त्याच्या बाजूला बसले. दुसरं काय करणार?

मॅडम हात धुऊन बाहेर आली. मी तिला दोन शब्दांत सांगितलं. ती त्याच्यावर उसळली, "मले काऊन नाही सांगतलं बे?" तो म्हणाला, "तुमचा हात कुठी होता ते माहीत होतं न मले." मग तिने कोणालातरी फोन लावला. या अँब्युलन्सवाल्यांची आपसात ओळख असते, कोण कुठल्या गाडीवर आहे ते त्यांना ठाऊक असतं. नांदुऱ्याच्या गाडीवरच्या डॉक्टरला तिने विचारलं, आणि विचारता विचारताच पायलटच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या हाताकडे बघत होते. तो हात ढिला पडला, तेव्हा मला कळलं की म्हातारा आहे.

"गाडीत हायेत," ती म्हणाली. "खामगावले नेऊन राह्यले. ऑक्सिजन लावला, गोळी दिली, शुद्धीवर हायेत. घे, बोल."

तिने फोन स्पीकरवर टाकला. आधी नुसती गाडीची घरघर. मग म्हाताऱ्याचा आवाज, दमलेला, पण तक्रार करणारा. तो आपल्या लेकाशी बोलतच नव्हता, त्या गाडीच्या पायलटला म्हणत होता, "माहा पोरगा खड्डे चुकवते बाप्पा. तू काऊन एकेकाले भेटून राह्यला?"

आणि त्या पायलटचं उत्तर ऐकू आलं, "काका, तुमचा पोरगा माह्या बॅचचा हाये. त्याले चालवणं मीच शिकवलं."

"मंग त्यानं मांगून सुधारलं दिसते," म्हातारा म्हणाला.

आपला पायलट हसायला लागला, आणि हसता हसताच त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. मॅडम दुसरीकडे बघत उभी राहिली. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, लेकराला ढेकर काढतात तसा.

नंतर मॅडमने सेंटरला सांगून त्याच्या जागी दुसरा पायलट मागवला. तो येईपर्यंत आपला पायलट उठून बादली आणायला निघाला. बाळंतपण झालं की गाडी आतून पुरी धुवावी लागते, आणि ते काम तो नेहमी स्वतः करतो, मॅडमला हात लावू देत नाही. त्या दिवशी मॅडमने त्याच्या हातातून फडकं ओढून घेतलं. "तू तोंड धू," म्हणाली, "गाडी मी धुतो. आन सांगू नको कोनाले, नाहीतर रोजचं काम लागन माह्या मांगं." ती खरंच खाली बसून धूत होती, चप्पल काढून, ओढणी कमरेला खोचून. सूर्य कलायला लागला होता. तो खामगावच्या बसमध्ये बसून गेला.

म्हाताऱ्याला तिथून अकोल्याला नेलं, हृदयाच्या नसेत नळी टाकली, आता बरा आहे. वावरात जाऊ देत नाहीत, म्हणून घरात सगळ्यांच्या मागे लागतो म्हणे. पायलट परत ड्युटीवर आला तेव्हा त्याने मला सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर डॉक्टर काही करू शकले नसते. एवढंच म्हणाला आणि काच पुसायला लागला. मी त्याला विचारलं, आईवर रागावलास का? "रागावून काय करू आजी," तो म्हणाला, "तिले वाटते मी इमान चालवतो."

आणि मग एके दिवशी माझा फोन वाजला. तीच म्हातारी. लेकाकडून नंबर घेतलेला. तिने आधी विचारलं, "लेकरू कसं हाये?" मी सांगितलं, गुटगुटीत आहे, रात्रभर जागवतं. "तुमच्या म्हाताऱ्याचं कसं हाये?" ती म्हणाली, "तेही रात्रभर जागवतात." तेव्हापासून आम्ही बोलतो. लोणच्याचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो, लेकाला पोरगी कशी बघावी त्याचं बोलतो. तिने आपल्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला आता सांगून ठेवलं आहे की काही झालं तर आधी नंबर लावायचा, आणि जी गाडी येईल तिच्यात बसायचं. "माह्या पोराची आली तं आली," म्हणते, "नाही आली तं दुसऱ्याच्या मायचा पोरगा येईन." हे ती मलाच शिकवल्यासारखं सांगते, आणि मी हाव हाव म्हणते.

पण एकमेकींना आम्ही अजून पाहिलेलं नाही. आमचं भांडण चालू आहे. ती म्हणते, लेकराला घेऊन तुम्ही या, त्याच्या जन्माच्या वेळी माझ्या पोराने चादर धरली, लेकरावर आमचाही हक्क आहे. मी म्हणते, तुम्ही या, मला एवढ्याशा लेकराला घेऊन बसमध्ये चढता येत नाही. ती म्हणते, म्हाताऱ्याला सोडून कशी येऊ? म्हाताऱ्याने तर लेकरासाठी चांदीचे वाळे घेऊन ठेवले आहेत, आणि ते कोणाच्याही हाती पाठवत नाही, स्वतः पायात घालीन म्हणतो.

तुझी बहीण आता थोड्या दिवसांनी चिखलीला सासरी जाईल. एकदा गेली की लेकरू माझ्या हाती कुठलं लागायला? म्हणून म्हणते, तू सुट्टी काढ. लेकराला तू घे, माझा हात तू धर, नांदुऱ्याच्या बसमध्ये तुझ्या बहिणीसकट आपण सगळ्या बसू. त्या म्हातारीला मी अजून तोंडाने ओळखत नाही, पण आवाजाने ओळखीन. आणि निघायच्या आधी आपल्या ओट्यावर तुला त्या पायलटला पाणी नेऊन द्यायचं आहे, हे मी आताच सांगून ठेवते. ये गं. पुढच्या महिन्याचं नाव काढू नकोस, याच आठवड्यात ये.